मोशीच्या ढिगाखाली काय घडते?

आमच्या वाचकांपैकी पुष्कळ कुटुंबे पिंपरी, चिंचवड, निगडी, भोसरी, चिखली आणि अलीकडे मोशी ते चाकण या पट्ट्यात स्थायिक झालेली आहेत. सकाळी घंटागाडी दाराशी येते, डबा तिच्यात रिकामा होतो आणि कचऱ्याशी असलेला आपला संबंध तेथेच संपला असे आपण मानतो. शहराचा हा कचरा १९९१ पासून मोशी येथील सुमारे ८१ एकर जागेवर नेला जात आहे. पुणे-नाशिक महामार्गाने जाताना वाऱ्याने दिशा बदलली की त्याची आठवण होते, आणि गाडीची काच वर केली की आपण ते विसरूनही जातो. मोशीतील रहिवाशांना ही सोय नाही.

कचरा डेपोविषयी वर्तमानपत्रांत जे येते ते बहुधा निविदा, आगी आणि आंदोलने यांविषयी असते. या सर्व बातम्यांच्या मुळाशी असलेला साधा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो: पुरलेल्या कचऱ्याचे जमिनीखाली नेमके होते तरी काय? या प्रश्नाचे उत्तर ठाऊक असल्याखेरीज डेपो कोठे असावा, किती काळ असावा आणि त्याची झळ कोणी सोसावी या वादात आपण काही जबाबदारीने बोलू शकू, असे आम्हाला वाटत नाही.

माती सर्व काही पोटात घेते आणि काही काळाने त्याची मातीच करते, अशी आपली पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत आहे. ती निराधार नाही. आपल्यापैकी अनेकांचे आईवडील किंवा आजीआजोबा नगर, जालना या भागांतील खेड्यांतून या कारखानदारीच्या पट्ट्यात आले. त्यांच्या घराशेजारी उकिरडा असे. शेण, गोठ्यातील गवत, चुलीतील राख, भाज्यांची देठे आणि खरकटे त्यात पडे आणि पावसापूर्वी त्याचे खत होऊन शेतात जाई. ख्रिस्ती कुटुंबांना तर दफनाच्या परंपरेमुळे मातीचे हे कार्य अधिकच जवळून परिचित आहे. राखेच्या बुधवारी कपाळावर राख घेताना आपण हेच सत्य दरवर्षी ऐकतो, आणि शहरातील दफनभूमीत काही वर्षांनी तीच जागा पुन्हा वापरली जाते तेव्हा ते प्रत्यक्ष पाहतोही.

परंतु उकिरड्याचे गणित वेगळे होते. त्यात पडणारी प्रत्येक वस्तू कुजणारी होती, ढीग उघडा व उथळ होता, आणि हवा, कोंबड्या, गांडुळे व किडे त्यात मोकळेपणाने वावरत होते. शहराच्या डेपोत यांपैकी काहीच उरत नाही. पन्नास-साठ फूट उंचीचा, यंत्रांनी दाबून बसविलेला ढीग हवाबंद असतो. त्यात भाजीच्या देठाशेजारी दुधाची पिशवी, बॅटरी, औषधाची बाटली, लहान मुलांचे डायपर आणि फुटलेली काच असते. आणि ज्याला आपण आधुनिक, शास्त्रोक्त भूभराव म्हणतो तो तर एक पाऊल पुढे जातो. कचऱ्याचा मातीशी संबंधच येऊ नये, हाच त्याच्या रचनेचा हेतू आहे. लोकांना हे ऐकून आश्चर्य वाटते. कचरा 'जमिनीत जिरविण्यासाठी' हे खड्डे केलेले नसतात. तो जमिनीपासून आणि भूजलापासून अडवून धरण्यासाठी ते बांधलेले असतात.

या रचनेचा इतिहास फार जुना नाही. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात फ्रेझ्नो या शहरी १९३७ मध्ये कचऱ्याचे चर खणून, तो दाबून, त्यावर रोज माती टाकण्याची पद्धत सुरू झाली आणि पुढे ती जगभर पसरली. तळाला अस्तर घालण्याची सक्ती त्यानंतर पुष्कळ वर्षांनी आली. आपल्या देशात या विषयाला कायद्याचे रूप येण्यास एका नागरिकाची चिकाटी कारणीभूत झाली. बेंगळूरूच्या अल्मित्रा पटेल यांनी १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल केली. तिच्या सुनावणीतून २००० सालचे नागरी घनकचरा नियम जन्मास आले आणि २०१६ मध्ये त्यांची जागा अधिक विस्तृत नियमांनी घेतली. म्हणजे मोशीत पहिली गाडी रिकामी झाली तेव्हा शास्त्रोक्त भूभरावाची देशव्यापी सक्तीच अस्तित्वात नव्हती. तेथील जुना कचरा उघड्या जमिनीवर पडला, तोही अशा काळात की शहर दुपटीने वाढत होते. १९८२ मध्ये महापालिका झालेल्या या शहराची लोकसंख्या २००१ च्या जनगणनेत १० लाखांच्या घरात होती. २०११ मध्ये ती १७ लाखांवर गेली. आज तेथे दररोज हजार टनांहून अधिक कचरा निर्माण होतो.

आता ती रचना पाहू. २००० च्या नियमांनुसार भूभरावाचा तळ भूजलाच्या पातळीपासून किमान दोन मीटर वर असावा लागतो. त्यावर ९० सेंटीमीटर जाडीचा, दाबून घट्ट केलेला चिकणमातीचा थर येतो. या थरातून पाणी झिरपण्याचा वेग सेकंदाला एका सेंटीमीटरच्या कोट्यंशापेक्षा अधिक असता कामा नये. हा आकडा कागदावर निरर्थक वाटतो. हिशेब केला तर त्याचा अर्थ असा की साधारण परिस्थितीत वर्षभरात जेमतेम तीन सेंटीमीटर पाणी त्यातून जाऊ शकते. या चिकणमातीवर दीड मिलिमीटर जाडीचे, सांधे वितळवून जोडलेले प्लॅस्टिकचे अस्तर अंथरतात. अस्तरावर खडीचा थर आणि छिद्रांच्या नळ्यांचे जाळे असते, म्हणजे वरून झिरपलेले पाणी एका जागी गोळा करून शुद्धीकरणासाठी उपसता येते. त्यानंतर कचरा. दिवसाचे काम संपले की त्यावर किमान १० सेंटीमीटर माती टाकायची. पावसाळ्यापूर्वी ४० ते ६५ सेंटीमीटरचा जाड थर द्यायचा. भराव पूर्ण भरला की पुन्हा चिकणमाती, खडी आणि झाडे लावण्याजोग्या मातीचे आवरण. थोडक्यात, खाली वाटी आणि वर झाकण.

या बंद वाटीत जे घडते ते चार अवस्थांतून जाते. सुरुवातीला कचऱ्याच्या पोकळ्यांत थोडी हवा अडकलेली असते. तिच्यावर जगणारे जीवाणू अन्नाच्या अवशेषांवर तुटून पडतात आणि ढीग आतून तापू लागतो. ही अवस्था काही दिवसांत किंवा आठवड्यांत संपते, कारण प्राणवायू संपतो. मग हवेवाचून जगणारे जीवाणू ताबा घेतात. ते अन्न, भाज्या व कागद यांचे विघटन करून आम्ले तयार करतात. हाच दुर्गंधीचा आणि सर्वांत घातक पाण्याचा काळ होय. आम्लयुक्त पाण्यात बॅटरी व रंगांमधील जड धातू सहज विरघळतात. तिसऱ्या अवस्थेत मिथेन निर्माण करणारे जीवाणू हळूहळू बळावतात. ते अत्यंत सावकाश वाढतात आणि आम्लता फार झाली तर खुंटतात. अखेर ढिगाला स्थैर्य येते आणि पुढील कित्येक वर्षे त्यातून वायू निघत राहतो. त्यात साधारण निम्मा मिथेन व निम्मा कार्बन डायऑक्साइड असतो. एकाच डेपोत गेल्या आठवड्याचा कचरा पहिल्या अवस्थेत आणि वीस वर्षांपूर्वीचा चौथ्या अवस्थेत असू शकतो, म्हणून डेपो 'कोणत्या स्थितीत आहे' याला एकच उत्तर नसते.

विघटनाला ओलावा लागतो. ओलावा कमी असला तर काय होते हे अमेरिकेतील ॲरिझोना विद्यापीठाचे पुरातत्त्वज्ञ विल्यम राथजी यांनी दाखवून दिले. प्राचीन अवशेष खणणाऱ्या या गृहस्थांनी १९७३ मध्ये कचऱ्याचा अभ्यास हाती घेतला आणि १९८७ पासून आपल्या विद्यार्थ्यांसह भूभरावच खणण्यास आरंभ केला. दशकांपूर्वीची वर्तमानपत्रे त्यांना वाचता येतील अशा स्थितीत सापडली आणि त्यांवरील तारखांवरून त्यांनी आजूबाजूच्या थरांचे वय ठरविले. काही खाद्यपदार्थही ओळखू येत होते. कागद हा कुजणारा पदार्थ; तरीही हवा आणि पाणी यांच्या अभावी तो टिकून राहिला. प्लॅस्टिकविषयी तर बोलायलाच नको. जीवाणू ते खात नाहीत. त्याचे फार तर लहान लहान तुकडे होतात.

म्हणून पाणी घालून विघटन वेगाने घडवावे, असा एक विचार पुढे आला. मुंबईतील कांजूरमार्ग येथे याच तत्त्वाचा भूभराव चालविला जातो. त्याला बायोरिॲक्टर म्हणतात. तळाशी जमलेले काळे पाणी पुन्हा ढिगात सोडायचे, ओलावा राखायचा आणि निघणारा वायू नळ्यांनी ओढून घ्यायचा, ही त्याची रीत. शास्त्र म्हणून ती योग्य आहे, परंतु आजूबाजूच्या वस्त्यांतून दुर्गंधीच्या तक्रारी वर्षानुवर्षे होत आल्या आहेत. झाकण घट्ट ठेवावे तर कचरा कुजत नाही, कुजवावा तर वायू व पाणी सांभाळण्याची शिस्त एका दिवसासाठीही ढिली करून चालत नाही.

मिथेन हा तर आगीचा मित्र. हवेत त्याचे प्रमाण ५ ते १५ टक्क्यांच्या दरम्यान असले की एका ठिणगीने तो पेटतो. म्हणूनच नियमांनी भूभराव क्षेत्रात त्याची मर्यादा सव्वा टक्का ठरविली. उघड्या डेपोंना उन्हाळ्यात आगी का लागतात आणि वरून पाणी मारूनही त्या दिवसेंदिवस का धुमसतात, याचे कारण ढिगाच्या पोटात आहे. एप्रिल २०२२ मध्ये मोशीत हे घडले. मुंबईत देवनारला जानेवारी २०१६ मध्ये आणि केरळमध्ये कोचीजवळ ब्रह्मपुरम येथे मार्च २०२३ मध्ये घडले. कोचीच्या नागरिकांनी तर दहा-बारा दिवस धूर गिळला. हवेत सुटलेला मिथेन पेटला नाही तरी निरुपद्रवी नसतो. शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या तुलनेत सुमारे २८ पट आणि वीस वर्षांच्या हिशेबात ८० पटींहून अधिक उष्णता वातावरणात अडकवतो.

या वायूचा बंदोबस्त आपल्याच राज्यात झालेला आहे, हे मुद्दाम सांगितले पाहिजे. मुंबईच्या उत्तर टोकाला, बोरिवलीजवळ गोराई खाडीच्या काठी १९७२ ते २००७ या काळात सुमारे २० हेक्टरांवर २३ लाख टनांहून अधिक कचरा साठला होता. खाडीपलीकडील गोराई, मनोरी या गावांतील ख्रिस्ती बांधवांना या डेपोचा परिचय वेगळा करून द्यायला नको. पुढे तो ढीग उतरता करून त्यावर अस्तर व माती घालण्यात आली, वायू ओढून घेणाऱ्या विहिरी बसविण्यात आल्या आणि तेथे हिरवळ उभी राहिली. जुना, बेशिस्तीने साठलेला डेपोही शास्त्रोक्त रीतीने बंद करता येतो याचा तो दाखला आहे. मात्र बंद करणे म्हणजे कुलूप लावून निघून जाणे नव्हे. २००० च्या नियमांनी बंद झालेल्या भूभरावावर किमान १५ वर्षे देखरेख बंधनकारक केली. म्हणजे डेपो बंद होईल त्या वर्षी ज्या बालकाचा बाप्तिस्मा होईल ते दहावीला जाईपर्यंत तेथील पाणी व वायू तपासत राहावे लागते, आणि तोवर त्या जागेवर घरे बांधण्याचा विचारही करायचा नाही.

वायूपेक्षाही आपल्या भागात अधिक काळजीची बाब आहे ती पाण्याची. कचऱ्यातून झिरपणाऱ्या काळ्या पाण्याला लिचेट म्हणतात. पावसाळ्यात ते किती वाढू शकते याचा ढोबळ हिशेब कोणालाही करता येईल. मोशीच्या संपूर्ण ८१ एकरांवर १०० मिलिमीटर पाऊस पडला तर त्या जागेवर सव्वातीन कोटी लिटरांहून अधिक पाणी कोसळते. ते सर्व कचऱ्यात मुरते असे नाही. पण न झाकलेल्या ढिगात बरेच मुरते. आपला प्रदेश कातळाचा. या कातळात पाणी मातीतून गाळले जात नाही, भेगांतून धावते, आणि कोणत्या भेगेतून ते कोणाच्या विहिरीत पोहोचेल हे वरून सांगता येत नाही. इंद्रायणी येथून दूर नाही आणि खालच्या अंगाला आळंदी आहे. इंद्रायणीच्या प्रदूषणाची कारणे अनेक आहेत, सांडपाणी व कारखाने ही त्यांतील मोठी. सर्व दोष डेपोच्या माथी मारणे अन्यायाचे ठरेल. तरीही ज्या ढिगाखाली प्रारंभी अस्तरच नव्हते, त्याच्या सभोवतालच्या विहिरी व कूपनलिका नियमित तपासून त्यांचे निष्कर्ष लोकांपुढे ठेवणे ही किमान अपेक्षा आहे.

पुण्याच्या पलीकडच्या अंगाला उरुळी देवाची आणि फुरसुंगी या गावांनी हा अनुभव पुरेपूर घेतला. पुणे शहराचा कचरा अनेक वर्षे तेथे गेला. विहिरींचे पाणी नासले ही ग्रामस्थांची तक्रार त्याहून कमी जुनी नाही. २०१७ च्या एप्रिलमध्ये डेपोला आग लागल्यावर त्यांनी गाड्या अडविल्या आणि तीन आठवडे पुण्याच्या रस्त्यांवर कचरा साचला. त्या दिवसांत शहरी मध्यमवर्गातून 'गावकऱ्यांची आडमुठी भूमिका' असे शब्द ऐकू येत होते. पंचवीस वर्षे दुसऱ्याचा कचरा सोसणाऱ्याला तीन आठवडे आपलाच कचरा सोसणाऱ्याने आडमुठा म्हणावे, हे आम्हाला तेव्हाही रुचले नव्हते.

मोशीचे चित्र गेल्या काही वर्षांत बदलले आहे, आणि तेही प्रामाणिकपणे मांडले पाहिजे. १ ऑगस्ट २०२३ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते तेथील कचऱ्यापासून वीज निर्माण करणाऱ्या प्रकल्पाचे उद्घाटन झाले. सुमारे ३०० कोटी रुपये खर्चाच्या या प्रकल्पाची क्षमता १४ मेगावॉटची असून वर्षाला अडीच लाख टन कचरा वापरण्याची त्याची योजना आहे. जुन्या ढिगाचे बायोमायनिंगही हाती घेण्यात आले आहे. त्यात जुना कचरा खणून, चाळून माती, दगड, काच आणि प्लॅस्टिक वेगळे करतात. प्लॅस्टिक बहुधा सिमेंटच्या भट्ट्यांकडे इंधन म्हणून जाते आणि चाळलेली माती तपासणीनंतरच वापरावी लागते, कारण तिच्यात धातू व काचेचे कण असू शकतात.

यामुळे भूभरावाची गरज संपली असे मात्र कोणी समजू नये. अडीच लाख टन वर्षाला म्हणजे दिवसाला सातशे टनांच्या आसपास. शहराचा रोजचा कचरा त्याहून कितीतरी अधिक आहे. कचरा जाळल्यावर राख उरते, साधारणपणे वजनाच्या पाचव्या ते चौथ्या हिश्शाइतकी. धुरातून गाळून काढलेली बारीक राख तर विषारी पदार्थांनी युक्त असते आणि तिला सुरक्षित भरावातच ठेवावे लागते. शिवाय भारतीय शहरांच्या कचऱ्यात निम्म्याच्या आसपास भाग ओला असतो. ओल्या कचऱ्यातील पाणी आटविण्यातच बरीच उष्णता खर्ची पडते. भट्टीला सुका कचरा हवा, खतप्रकल्पाला निव्वळ ओला हवा, आणि भूभरावाला यांपैकी काहीच नको; नियमांनी त्यात केवळ न कुजणारा, निरुपयोगी व निष्क्रिय अवशेषच टाकण्यास परवानगी दिली. मोशीतील कोणतीही यंत्रणा नीट चालायची असेल तर निर्णय घंटागाडी येण्यापूर्वी आपल्या स्वयंपाकघरात झालेला असावा लागतो. एकदा का ताक, डाळ आणि चहाचा चोथा कागदाला व पिशवीला लागला की ते पुढे कोणतेही यंत्र पुरतेपणी वेगळे करू शकत नाही.

आणि मोशी भरल्यावर? महापालिकेने पुनावळे येथे वनखात्याच्या जागेवर दुसऱ्या डेपोचा प्रस्ताव ठेवला होता. तो वर्षानुवर्षे रेंगाळला, आणि त्या अवधीत सभोवती उंच इमारती उभ्या राहिल्या. कर्ज काढून घर घेतलेल्या हजारो कुटुंबांनी २०२३ च्या उत्तरार्धात मोर्चे काढले आणि त्याच वर्षीच्या हिवाळी अधिवेशनात मंत्री उदय सामंत यांनी प्रकल्प रद्द झाल्याचे सांगितले. पुनावळेकरांचा आनंद आम्ही समजू शकतो. झाडे असलेली जागा डेपोसाठी देणे आम्हालाही मान्य झाले नसते. पण त्या निर्णयाने शहराचा एक किलोही कचरा कमी झाला नाही. तो मोशीकडेच जात राहिला. ज्या वस्तीपाशी संघटनेचे बळ, वकील आणि वर्तमानपत्रांपर्यंत पोहोच आहे ती सुटते आणि ज्या गावाने पूर्वी कधी 'हो' म्हटले किंवा ज्याला विचारलेच गेले नाही, ते अडकून राहते, हा या प्रश्नातील खरा अन्याय आहे.

या अन्यायाचे टोक फिलिपिन्समध्ये दिसले. मनिलाजवळील पायातास येथील कचऱ्याचा डोंगर १० जुलै २००० रोजी मुसळधार पावसानंतर पायथ्याच्या झोपड्यांवर कोसळला आणि दोनशेहून अधिक माणसे गाडली गेली. बहुसंख्य कॅथलिक असलेल्या त्या देशाने त्यानंतर काही महिन्यांतच घनकचऱ्याचा नवा कायदा केला. आपल्याकडे सप्टेंबर २०१७ मध्ये दिल्लीतील गाझीपूरचा ढीग घसरून दोघांचा बळी गेला. पाणी मुरलेला, उभ्या उताराचा, आतून वायूने फुगलेला ढीग हा डोंगरासारखा दिसला तरी डोंगरासारखा स्थिर नसतो. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ मधील 'लाउदातो सी' या परिपत्रकात वस्तू फेकून देण्याची सवय आणि माणसांना बाजूला टाकण्याची सवय यांचा एकत्र विचार केला, तो अशा घटना समोर ठेवून वाचला म्हणजे त्यात अतिशयोक्ती वाटत नाही.

चाकणकडे वळलो की प्रश्नाचे स्वरूप पालटते. तेथील कारखान्यांतून निघणारा रंगांचा गाळ, तेलकट चिंध्या, रसायनांची पिंपे हा घातक कचरा घरगुती कचऱ्यात मिसळणे कायद्याने निषिद्ध आहे. त्यासाठी रांजणगाव औद्योगिक क्षेत्रात सामायिक प्रक्रिया केंद्र आणि अधिक कडेकोट अस्तरांचा भराव आहे. मोठे कारखाने हिशेब ठेवतात, कारण त्यांना तपासणीची धास्ती असते. लहान कारखान्यांचा व भंगाराच्या गोदामांचा कचरा मात्र किती वेळा रस्त्याकडेला पेटलेला दिसतो हे चाकण, म्हाळुंगे, कुरुळी, निघोजे या बाजूला राहणाऱ्या वाचकांना आम्ही सांगायला नको. या गावांची लोकसंख्या शहराची झाली, कामगारांच्या चाळी व इमारती उठल्या, पण कचऱ्याची व्यवस्था बराच काळ ग्रामपंचायतीच्या आवाक्याची राहिली. मोशीत निदान भिंत आहे, वजनकाटा आहे, प्रश्न विचारायला एक कार्यालय आहे. ओढ्याच्या काठी पडलेल्या कचऱ्याला यांतील काहीच नसते.

आता आपल्या घराकडे. दिवसाला १०० किलोंहून अधिक कचरा करणाऱ्या सोसायट्या व संस्थांनी ओल्या कचऱ्याची विल्हेवाट शक्यतो आपल्याच आवारात लावावी, ही २०१६ च्या नियमांची अपेक्षा होती. महापालिकेने २०२२ मध्ये अशा मोठ्या सोसायट्यांचा ओला कचरा उचलणे थांबविण्याचे जाहीर केले तेव्हा केवढा गदारोळ झाला! सोसायट्यांचे म्हणणे सर्वस्वी चूक नव्हते. बांधकाम व्यावसायिकांनी दाखवायला बसविलेली खताची यंत्रे बंद पडली होती आणि कर भरूनही सेवा का नाही, हा प्रश्न रास्त होता. परंतु तीनशे सदनिकांच्या वसाहतीला वाहनतळासाठी जागा सापडते आणि खताच्या चार टाक्यांसाठी सापडत नाही, हे पटण्यासारखे नाही. आपले अनेक धर्मग्रामस्थ अशा सोसायट्यांच्या समित्यांवर आहेत. त्यांनी हा विषय पुढच्या सभेत घ्यावा.

धर्मग्रामांनाही यातून सूट नाही. सणाच्या दिवशी चर्चच्या आवारात दोन हजार माणसे जेवतात. थर्माकोलच्या ताटल्यांवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे. त्यांची जागा आता आतून प्लॅस्टिकचा पातळ थर असलेल्या कागदी ताटल्यांनी घेतली आहे. त्या धड कुजत नाहीत आणि त्यांचा पुन्हा कागदही होत नाही. पत्रावळी किंवा धुऊन वापरण्याच्या स्टीलच्या ताटांचा खर्च व श्रम अधिक आहेत, हे आम्ही जाणतो. वेदीवरील व दफनभूमीतील फुले, नारळाच्या झावळ्या, आवारातील पाला यांसाठी मात्र एक खड्डा पुरतो, आणि तो खराखुरा उकिरडा असल्यामुळे तेथे माती आपले काम चोख करते.

वापरलेले डायपर व सॅनिटरी पॅड वेगळ्या कागदात गुंडाळून खूण करून द्यावेत, फुटलेली काच उघडी टाकू नये. हे सांगणे क्षुल्लक वाटेल, पण पुढे कोणाचे तरी हात त्यात जातात. पुण्यात १९९३ मध्ये स्थापन झालेल्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीने कचरावेचक स्त्रियांचे जे प्रश्न मांडले त्यांत जखमा व संसर्ग हा नेहमीचाच होता. विकता येईल असे जे काही या स्त्रिया बाजूला काढतात, तेवढा भार भूभरावावरून कमी होतो. त्यांना त्याबद्दल डेपोच्या खर्चातून काय मिळते, हेही कधी विचारून पाहावे.

मार्च २०२२ नंतर जवळजवळ चार वर्षे पिंपरी-चिंचवड महापालिकेचा कारभार प्रशासकाच्या हाती होता. मोशीविषयीचे अनेक निर्णय त्या काळात झाले. आता नगरसेवक आले आहेत आणि आपल्या मतदारांपैकी कोणी भेटीला आला तर ते ऐकून घेतात. त्यांना विचारण्याजोगे प्रश्न फारसे अवघड नाहीत. मोशीत येणाऱ्या कचऱ्यापैकी ओला कचरा वेगळा होऊन किती येतो? प्रकल्पाची राख कोठे व कशा अस्तरावर ठेवली जाते? आसपासच्या विहिरींच्या पाण्याची शेवटची तपासणी केव्हा झाली आणि तिचा अहवाल नागरिकांना कोठे पाहता येईल? जुना ढीग बंद झाल्यानंतरच्या १५ वर्षांच्या देखरेखीसाठी अंदाजपत्रकात रक्कम बाजूला काढली आहे काय? आणि शहराचा पुढचा भराव कोठे होणार, हे तेथे इमारतींना परवानगी देण्यापूर्वी जाहीर केले जाईल काय?